अकरा घरांचं विरजण

मनापासून ध्यास घेतला की माणसाला जगातलं कोणतंही दार उघडता येतं, असं दत्तप्रसादांनी आतून जाहीर केलं. आतून म्हणजे बाथरूममधून. दाराची खिटी अडकली होती आणि बाहेर त्यांची पत्नी शालन सुताराला फोन लावत होती. सुतार येईपर्यंत त्यांनी उरलेलं भाषणही पूर्ण केलं. ऐकायला एकटी मुलगी पूर्णिमा होती, कारण भाषण तिच्यासाठीच होतं.

दोन हजार चार साल होतं. शनिवार पेठेतल्या प्रत्येक इमारतीतून एकतरी मुलगा कॅलिफोर्नियात पोचला होता, आणि जो पोचला नव्हता तो हिंजवडीच्या बसची वाट पाहत कोपऱ्यावर उभा होता. पूर्णिमा बारावीला होती. अमेरिकेतलं एक लहानसं, फार थोड्या मुलांना घेणारं कॉलेज तिला हवं होतं, कारण तिथे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षापासून शिरू देतात असं तिने वाचलं होतं. शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं शक्य होतं. डेक्कनवरच्या सल्लागाराने सांगितलं, "मार्क सगळ्यांनाच असतात हो. ते पॅशन बघतात."

दत्तप्रसादांपुढे पेच पडला. पुण्यात मूल दहावीच्या जवळ आलं की घरातली केबल काढतात आणि मुलाची आवड माळ्यावर टाकतात. दोन्ही बारावीनंतर परत जोडता येतात अशी समजूत आहे. पूर्णिमाची पेटी अशीच माळ्यावर गेली होती. बाथरूममधून सुटका झाल्यावर त्यांनी स्टूल लावलं आणि मुलीची पॅशन खाली काढली. भात्यात उंदरांचा संसार होता.

"बाबा, मला पेटी आवडत नाही," पूर्णिमा म्हणाली. "तेव्हाही आवडत नव्हती."

"मग आवडतं काय तुला?"

"दही."

दत्तप्रसादांनी चष्मा पुसला. "दही ही पॅशन नसते, बाळ. दही ही कोशिंबिरीची सोय असते."

ती खाण्याबद्दल बोलत नव्हती. आठवीत असताना तिच्या लक्षात आलं होतं, की तळमजल्यावरच्या दुर्गाबाईंकडे आणि आपल्याकडे दूधवाला एकच, दूध एकच, तरी त्यांचं दही तार सुटणारं आणि आपलं सुरीने कापावं असं. फरक विरजणात होता. मग ती घरोघर जाऊन चमचाभर विरजण मागायला लागली. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात अकरा घरांच्या अकरा वाट्या जमल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, तिच्यावर नाव: "दुर्गाबाई", "ललिताताई", "मार्केट यार्डातली मावशी". दर दोन-तीन दिवसांनी ती प्रत्येक वाटीतलं चमचाभर घेऊन नव्या दुधात लावायची, कोणतं किती वेळात लागतं ते बघायची, वास घ्यायची, आणि शालनताईंना आमटीला वाटी मिळायची नाही.

पण सल्लागाराला दही पसंत पडलं नाही. पेटीचा भाता दुरुस्त झाला आणि पूर्णिमाच्या वादनाची घरगुती मैफल ठरली. फोटो निघणार होते, ते अर्जाला लागणार होते. पूर्णिमाने फार वाद घातला नाही. वडिलांनी बुधवार पेठेतून भाड्याने माइक आणला होता. जिथे शेजाऱ्यांना भिंतीतूनही ऐकू येतं तिथे माइक आणणाऱ्या माणसाशी काय वाद घालणार.

मैफलीला नातेवाईक आले, शेजारी आले, आणि सांगितले होते त्याहून पुष्कळ जास्त आले. खिचडी वाढवता येते. तिच्याबरोबरची कढी मात्र कमी पडणार हे शालनताईंना दिसलं. त्यांनी फ्रीज उघडला. घाईत असलेल्या बाईला अकरा वाट्या दही दिसलं की जे होतं ते झालं.

कढी अप्रतिम झाली होती. सगळे तसं म्हणाले. पूर्णिमाने स्वतः दोनदा मागून घेतली.

पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली, तर ओट्यावर अकरा वाट्या घासून पालथ्या घातलेल्या. चिकटपट्ट्या पाण्याने सुटून मोरीच्या जाळीवर जमल्या होत्या. तिने एकेक पट्टी उचलून फडक्याने टिपली.

"अगं, दहीच ते," शालनताई म्हणाल्या. "उद्या लावू की परत."

"हो," पूर्णिमा म्हणाली. "पण ते आपलं असेल."

एवढंच बोलून ती झोपायला गेली. आदळआपट केली असती तर शालनताईंना बरं वाटलं असतं. आदळआपटीला उत्तर देता येतं.

शालनताईंची एक ख्याती होती. लग्न होऊन या इमारतीत आल्यापासून त्यांनी कोणाकडे वाटीभर साखरही मागितली नव्हती. मागितलं की द्यावं लागतं, आणि दिलं की बोलावं लागतं, असं त्यांचं तत्त्व होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ताटात वाट्या मांडून जिना उतरल्या.

दुर्गाबाईंनी दार उघडलं आणि ताटाकडे पाहिलं. "शालनताई, तुम्ही? तब्येत बरी आहे ना?"

"विरजण हवं होतं. चमचाभर."

"तुम्हाला?"

"पूर्णिमाला. तिचं मी कढीत घातलं."

"अस्सं. म्हणजे काल मी माझंच दही खाल्लं, आणि वर तुमचं कौतुक करून आले." दुर्गाबाई पाटावर टेकल्या. "पण आता कुठलं हो विरजण. मुलगा दुकानातलं आणतो, प्लास्टिकच्या डब्यातलं. म्हणतो घरचं हायजिनिक नसतं. याच घरच्या दह्यावर वाढला मेला, सहा फूट झाला."

शालनताई वळल्या तशा दुर्गाबाई म्हणाल्या, "थांबा. तुमच्या पोरीने माझं विरजण ललिताताईंना दिलं होतं, उन्हाळ्यात त्यांचं बिघडलं तेव्हा. बघा तिकडे."

ललिताताई तिसऱ्या मजल्यावर. त्यांच्याकडे दुर्गाबाईंचं दही सुखरूप होतं. त्यांचं मूळचं मात्र आता त्यांच्या बहिणीकडे, येरवड्याला. शालनताई रिक्षाने येरवड्याला गेल्या. मार्केट यार्डातही गेल्या. कांद्याच्या गोण्यांमधून वाट काढत, पदराखाली ताट धरून, कोणाच्या तरी मावशीची टपरी शोधत. प्रत्येक दारात तोच कढीचा कबुलीजबाब, आणि प्रत्येक दारात थोडं बसून चहा. संध्याकाळी घरी आल्या तेव्हा सात वाट्यांत दही होतं. चार घरांचं कुठेच उरलं नव्हतं.

पूर्णिमाने दुर्गाबाईंच्या नावाची वाटी नाकाशी नेली. "हे त्यांचंच. पण त्यांनी तर बंद केलं."

"ललिताताईंकडून आणलं. तू दिलं होतंस म्हणे." शालनताईंनी पायांना तेल लावत सांगितलं. "आणि ती यार्डातली मावशी विचारत होती, परीक्षा कधी आहे."

मग मुलाखत आली. कॉलेजचा माजी विद्यार्थी घरी येणार होता. त्याचं नाव आनंद. मूळचा वाशीमचा, आता हिंजवडीला मोठ्या हुद्द्यावर. दत्तप्रसादांनी पेटीवरची धूळ झटकली आणि तो बसताच सुरुवात केली, "संगीत हा हिचा श्वास."

आनंदने पूर्णिमाकडे पाहिलं. पूर्णिमाने पेटीकडे. तेवढ्यात शालनताई दह्याच्या सात वाट्यांचं ताट घेऊन आल्या, कडेला उरलेल्या चार चिकटपट्ट्या लावलेलं, आणि त्यांनी ते पेटीवरच ठेवलं.

"हे तिचं," त्या म्हणाल्या.

पूर्णिमा आधी अडखळली, मग सुटली. कोणतं दही थंडीतही लागतं, कोणतं आंबट होऊन थांबतं, तार कशामुळे सुटत असावी, आणि कशामुळे सुटते हे आपल्याला अजून माहीत नाही, हेही. आनंदने सातही वाट्या चाखल्या. चहा गार झाला.

"चिकटपट्ट्या अकरा दिसतात," तो म्हणाला.

"चार घरांचं गेलं," पूर्णिमा म्हणाली. कसं, ते बोलली नाही.

"मी कढी केली," शालनताई म्हणाल्या.

"मग आईने परत जमवलं," पूर्णिमा घाईने म्हणाली. "त्यातून मला एक कळलं. जे दुसऱ्या कोणाच्या घरीही लागत होतं तेच वाचलं. नुसतं फ्रीजमध्ये होतं ते संपलं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

आनंदने चमचा ताटात ठेवला. मग म्हणाला, निर्णय कॉलेज घेईल, पण आपण जोरदार शिफारस करणार आहोत. जिज्ञासा म्हणतात ती हीच, आणि असे विद्यार्थी संस्थेचं भूषण असतात. दत्तप्रसादांना गहिवरून आलं. त्यांनी ज्ञानाची क्षितिजं, भारताचं भवितव्य असं काही बोलायला घसाही साफ केला.

"तुम्ही तिकडे कळवणारच आहात," शालनताई आनंदला म्हणाल्या, "तर एक लिहाल का? विरजण न्यायचं कसं ते ती बघेल. हॉस्टेलच्या फ्रीजमधला एक कप्पा तेवढा तिला द्यायला सांगा. वरचा नको. तिथे दही गोठतं."