बँकेचा माणूस

"खातं बंद करतोस? कर की! तुझ्या बापानं उघडून दिलंय का माझं खातं?"

वहिनीचा आवाज शेडनेटमधून आला तसा मी हातातला विळा घेऊनच बांधावर उभा राहिलो. सकाळचं कोवळं ऊन, वारा पडलेला, त्यामुळं शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"काय? जन्मतारीख? माझी जन्मतारीख घेऊन काय करणार आहेस, लग्न जुळवणार आहेस का माझं? ठेव फोन, मेल्या! परत लावलास तर कानातून हात घालून तुझी जीभ ओढीन!"

फोन आपटल्याचा आवाज आला. मागनं दादाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, शांत आवाज आला, "बरं केलंस," आणि त्याची झारी पुन्हा पाणी शिंपायला लागली.

आमच्या शेजारची ही दोघं शेडनेटच्या जाळीखाली ट्रेमध्ये रोपं करून विकतात. मिरची, टोमॅटो, वांगी, कोबी. माझं शेत त्यांच्या बांधाला लागून, म्हणून मी तिला वहिनी म्हणतो आणि ती मला भावजी. दादा दिवसाकाठी चार शब्द बोलला तर खूप झालं. पाणी त्याचं, बोलणं तिचं. बियाणं आणणं, गिऱ्हाईक करणं, पैसे घेणं सगळं वहिनीकडं. हल्ली लोक फोनवरूनच पैसे टाकतात, तेही ती शिकली. फोन वाजला की चिखलाचं बोट पदराला पुसायचं, काच बघायची आणि म्हणायचं, "आले. उचला ट्रे."

आणि फोनवर शिव्या द्यायला तिला शिकवलं ते बँकेनंच. आमच्या शिंप्याला एकदा फोन आला होता. "बँकेतून बोलतोय, तुमच्या मोबाईलवर आलेला आकडा सांगा." त्यानं सांगितला. नव्या मशीनसाठी साठवलेलं सगळं एका दमात गेलं. बँकेत गेला तर म्हणाले, "आकडा तुम्हीच सांगितलात, आता आम्ही काय करणार?" त्यानंतर बँकेची गाडी भोंगा लावून गावभर फिरली. बँक फोनवर कधीही काही विचारत नाही, कुणी विचारलं तर तो चोर समजा. वहिनीनं ते मनावर घेतलं. बँकेतून म्हणून जो फोन येई, त्याची ती अशी हजेरी घ्यायची की आम्ही कामं सोडून ऐकत बसायचो.

पण यावेळी खातं खरंच बंद झालं.

बियाण्याच्या दुकानात तिनं पैसे टाकले, गेले नाहीत. पुन्हा टाकले, गेले नाहीत. दुकानदारानं तयार ठेवलेली पाकिटं हळूच फळीवर परत ठेवली. त्या हळूच ठेवण्याचाच तिला जास्त राग आला. माझ्या मोटारसायकलवर बसली आणि म्हणाली, "भावजी, चला बँकेत. आज मी तिथंच झोपते."

बँकेत गार हवा, सगळीकडं काच. काचेच्या आतल्या बाईंनी नंबर घेतला, स्क्रीनवर बघितलं आणि खुर्ची जरा मागं सरकवली.

"तुमचं खातं सिस्टीमनं थांबवलंय. संशयास्पद व्यवहार."

"कसला संशय?"

"एकदम खूप वेगवेगळ्या लोकांनी पैसे टाकलेत. ओळख ना पाळख. असे व्यवहार फसवणूकवाले करतात."

"अहो बाई, रोपांचा हंगाम आहे. लोक आता पैसे टाकणार नाहीत तर पीक निघाल्यावर टाकतील का?"

"ते सिस्टीमला कळत नाही. म्हणून तर आम्ही फोन केले होते. तुम्ही काय बोललात ते इथं लिहिलंय." बाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं, पण वाचून काही दाखवलं नाही. "ग्राहक सहकार्य करत नाही, असा शेरा आहे."

वहिनी लाल झाली. "तुम्हीच भोंगा लावून सांगितलंत ना, फोनवर काही सांगू नका म्हणून?"

"चोरांना सांगू नका. आम्हाला सांगायचं."

"मग चोर कोण आणि तुम्ही कोण, हे मी फोनच्या भोकातून कसं ओळखू?"

मागची रांग हसली. बाई हसल्या नाहीत. "आमचा माणूस येऊन पाहणी करेल. मग बघू."

"कधी येईल?"

"येईल."

तो काही लगेच आला नाही. वहिनी आणखी दोनदा बँकेत जाऊन आली. रोपं मात्र कुणासाठी थांबत नाहीत. ट्रेमधलं रोप वेळेवर रानात गेलं नाही तर उंच होतं, देठ दोऱ्यासारखा पडतो, मुळं एकमेकांत गुंततात. त्यात वारा सुटला. तापलेली तांबडी धूळ घेऊन दुपारभर शेडनेट फडफडायचं. दादा झारी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा. गिऱ्हाईक यायचे, पैसे टाकायचे, पण पैसे परत जायचे. काहींनी रोख आणून दिले. काही "उद्या येतो" म्हणून गेले ते गेलेच.

आणि बोलणं सुरू झालं. रोपवालीचं खातं म्हणे बँकेनं संशयावरून धरलंय. बँक उगाच कशाला धरेल? नळावर, चहाच्या टपरीवर, जिथं जावं तिथं हेच. मी तोंड घालून दोघातिघांशी भांडलो, तर माझ्याकडंही संशयानं बघायला लागले.

एका संध्याकाळी शिंपी फाटकाशी येऊन उभा राहिला. आत येईना. बराच वेळ नव्या शेडनेटकडं बघत राहिला, मग म्हणाला, "वहिनी, एक विचारू? माझे पैसे गेले ना, त्याच्या मागोमागच तुमचं हे नेट उभं राहिलं."

मी म्हटलं, आता वीज पडणार. पण ती पडली नाही. हातातला ट्रे तिनं खाली ठेवला. नुसती त्याच्याकडं बघत राहिली. शिंपी मान खाली घालून गेला. त्या दिवशी तिनं उरलेलं काम केलं, पण आवाज नाही. जिचा आवाज शेताच्या पलीकडं ऐकू यायचा ती बाई गप्प झाली, आणि मला ते त्या वाऱ्यापेक्षा वाईट वाटलं.

पुढं एका दुपारी एक माणूस स्कूटरवरून आला. चष्मा, पाठीवर बॅग. कुणाला काही न विचारता फाटकातून आत शिरला आणि ट्रेंचे फोटो काढायला लागला. मी ट्रे भरू लागायला तिथंच होतो. दोघं-तिघं गिऱ्हाईकही होते. शिंपीही रस्त्यानं चालला होता, तो थबकून आत आला.

वहिनी पुढं झाली. "कोण तुम्ही?"

"मी बँकेतून आलोय."

एवढं म्हणायचा अवकाश, सगळे उठून उभे राहिले.

त्यानं गळ्यातलं कार्ड दाखवलं. शिंप्यानं ते हातात घेऊन उलटसुलट केलं. "असली कार्डं फोटोच्या दुकानात कुणीही करून घेतं."

"अहो, मी नवीन बदलून आलोय. पाहणीसाठी आलोय. बाई, तुमचा मोबाईल जरा दाखवता का? नंबर जुळवून घ्यायचाय."

मोबाईल मागितला आणि बिचाऱ्याची उरलीसुरली पतही संपली. दादानं झारी ठेवली, चालत गेला, फाटक ओढलं आणि कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकून पुन्हा झारी उचलली.

"हे काय करताय? मी बँकेत फोन लावतो, तुम्हीच बोला!" त्या माणसाला घाम फुटला होता. त्यानं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. आधी पेटी वाजल्यासारखं संगीत वाजलं. मग एक बाई म्हणाली, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग पुन्हा संगीत. आम्ही सगळे कान देऊन उभे. बाई पुन्हा म्हणाली, महत्त्वाचा आहे.

शिंपी म्हणाला, "तुमचीच बँक तुमचा फोन उचलत नाही?"

गिऱ्हाईक खो खो हसायला लागले. त्या माणसानं मॅनेजरचा फोन लावला, तो बंद. शेवटी पालथ्या क्रेटवर बसला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "पाणी मिळेल?"

वहिनीनं तांब्या आणून दिला. "घ्या. कोण आहात ते नंतर बघू."

पाणी प्यायल्यावर त्यानं शेजारच्या ट्रेमधल्या मिरचीच्या रोपाला बोट लावलं. "हे वाकलंय का असं?"

"तुमच्या बँकेमुळं," वहिनी म्हणाली. "रानात जायला हवं होतं कधीच." मग राग विसरून तिनं ते रोप मातीसकट उपसून मुळं दाखवली. "बघा, जागा राहिली नाही त्यांना. कोंडलेत." तो माणूस खरंच बघत होता. चोर एवढं बघत नसावा, असं मला वाटलं, पण बोलायची सोय नव्हती.

तेवढ्यात दूधवाला मोकळे कॅन वाजवत रस्त्यानं आला. गर्दी दिसली म्हणून सायकल टेकवून फाटकावरनं डोकावला.

"अहो बिनसाखरेचे साहेब! तुम्ही इथं काय करताय?"

"ओळखतोस यांना?" मी विचारलं.

"न ओळखायला काय? बँकेत दूध मीच घालतो. अख्ख्या बँकेत बिनसाखरेचा चहा हे एकटेच पितात. चहावाल्या मावशी रोज नावं ठेवतात यांना."

कुणी हसलं नाही. दादानं जाऊन कुलूप काढलं. वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पण माफी तिच्या तोंडून बाहेर येईना. साहेबांनीच बॅगेतून कागद काढला, ट्रे बघितले, गिऱ्हाइकांना विचारलं, "तुम्ही पैसे कशाचे टाकलेत?" त्यांनी सांगितलं, रोपांचे. मग ते मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "सगळे पैसे रोपांचेच आहेत. खात्यात काही खोट नाही. आज सुरू होईल."

मी शिंप्याकडं बघितलं. तो दूधवाल्याच्या सायकलकडं बघत होता.

जाताना साहेब वहिनीला म्हणाले, "विश्वास ठेवला नाहीत हे बरोबरच केलंत. कुलूप तेवढं नको होतं."

दिवेलागणीला मेसेज आला, खातं सुरू झालं. पुढच्या वाऱ्यात शेडनेटची एक बाजू फाटली, तेव्हा शिंपी मोठी सुई आणि जाड दोरा घेऊन न बोलावता आला. दुपारभर उन्हात बसून त्यानं नेट शिवलं. वहिनीनं पाणी दिलं, तो प्यायला.

रोपांचा उठाव पुन्हा सुरू झाला. आम्ही टेम्पोत ट्रे चढवत होतो तेव्हा वहिनीचा फोन वाजला. तिनं बोट पदराला पुसलं आणि तो उचलला. हात मातीचे, म्हणून फोन स्पीकरवर टाकून फळीवर ठेवला.

"नमस्कार वहिनी. बँकेतून बोलतोय. आमचे साहेब आले होते ना तुमच्याकडं पाहणीला? तुम्ही त्यांना पाणी दिलंत, रोपांची मुळं दाखवलीत. फार कौतुक करत होते."

वहिनी ओशाळली. कुलपाची लाज अजून गेली नव्हती. "अहो, कसलं कौतुक. चुकलंच आमचं."

"नाही हो, तुमच्यासारखे सावध ग्राहक हवेत आम्हाला. आता पाहणीचं शेवटचं काम राहिलंय. तुम्हाला एक आकडा आला असेल बघा. सावकाश बघा, घाई नाही. तुमचं काम चालू असेल, मी थांबतो."

वहिनीनं मेसेज उघडला. "चार," ती म्हणाली. "नऊ..."

मी ट्रे हातात धरून बघत होतो. मला काही सुचलं नाही, हे खरं सांगतो. त्या माणसाला सगळं ठाऊक होतं, पाणीसुद्धा.

वहिनी थांबली. "साहेब, तुम्ही फार गोड बोलता हो."

"सेवाच आहे आमची, वहिनी. हं, पुढचा आकडा?"

"सिस्टीमनं खातं बंद केलं तेव्हापासून मी बँकेत तीनदा गेले. 'बसा' म्हणून कुणी म्हटलं नाही. आणि तुम्ही माझ्यासाठी थांबताय?" तिनं फोन बंद केला.

तो पुन्हा वाजला. पुन्हा वाजला. तिनं शिव्या दिल्या नाहीत. टेम्पोच्या फळीवर बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवले. "दोन आकडे सांगितले मी, भावजी. आपल्या तोंडानं."

आम्ही तसेच बँकेत गेलो. बिनसाखरेच्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि खुर्चीत सरळ झाले. "मी नाही सांगितलं कुणाला फोन करायला. पैसे आहेत ना?"

"आहेत. पण त्याला पाण्याचं कसं कळलं?" वहिनी म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "इथं हसत हसत सांगितलं होतं मी. सगळ्यांनाच." काचेतून पलीकडच्या टेबलांवर माना खाली घालून बसलेली माणसं दिसत होती. साहेब उठले आणि दार लोटून आले. "तुमच्या गावात कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच."

मला दूधवाला आठवला, शिंपी आठवला, फाटकाशी हसणारे गिऱ्हाईक आठवले, आणि प्रत्येकाबद्दल वाईट वाटत गेलं, कारण त्यातला कुणीही असू शकत होता आणि बहुतेक कुणीच नव्हता.

साहेबांनी वर कळवलं. चौकशी होईल म्हणाले. पासवर्ड बदलून दिला, आणि दारापर्यंत सोडायला आले तेव्हा हळूच म्हणाले, "यापुढं फोनवर कुणाशी बोलू नका. माझ्याशीसुद्धा."

हंगाम निघाला. वाकलेली रोपं वहिनीनं कमी भावात दिली, बाकीची चांगली गेली. बियाण्याच्या दुकानदारानं पाकिटं पुन्हा खाली काढली. चौकशीचं काय झालं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

परवा साहेब आले. रणरणतं ऊन, स्कूटर धुळीनं भरलेली. वहिनी त्यांना बघून म्हणाली, "एवढ्या उन्हात? फोन करायचा की."

"उचलला असता?"

"नाही."

"म्हणून आलो. तसला फोन पुन्हा आला का, ते विचारायचं होतं." ते क्रेटवर बसले. पुढं बोलायच्या आधी त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला, बंद केला आणि ट्रेच्या कडेला पालथा ठेवला.

मी म्हटलं, "साहेब, इथं तर आपणच आहोत. फोन कशाला बंद करता?"

"सवय लागली," ते म्हणाले, आणि मान वळवून त्यांनी एकदा रस्त्याकडं बघून घेतलं.