दोन सूर्यांचा हार

टक्.

आईनं भिंग टेबलावर ठेवलं. पाव तास घरात कुणी बोललं नव्हतं, त्यामुळे तेवढा आवाजही मोठा वाटला. मी आतल्या खोलीत डोकावले. माझ्या लेकीनं, चिंगीनं, नुसती कूस बदलली होती. दुपारची तिची झोप मोडली की संध्याकाळ माझ्या डोक्यावर बसते, म्हणून मी दार हळूच ओढून घेतलं.

"हा ब्रोच नाही," आई म्हणाली. "पट्ट्याचं बक्कल आहे. आणि तुम्ही उलटं धरलंय."

समोरच्या माणसानं कागद फिरवला. मघाशी जो लोंबता घोस दिसत होता, त्याचा एकदम मान वळवलेला हंस झाला.

"अरेच्चा!" तो हसला. "बरं झालं बाई. आम्ही हे असंच फ्रेमला देणार होतो."

हा आईच्या मालकांचा नातू. मालक जाऊन बारा वर्षं झाली, कारखाना बंद पडून नऊ. कारखाना खोट्या दागिन्यांचा. आत पितळ, वर सोन्याचं पाणी, खडे काचेचे. पण खोटा असला तरी दागिना आधी कागदावर घडावा लागतो. अगदी त्याच मापाचा, खडा न् खडा दाखवलेला; ते चित्र समोर ठेवून साचेवाला साचा कोरतो. ती चित्रं आई काढायची. एकोणतीस वर्षं. कारखान्यात तिला नक्षीबाई म्हणत, आणि पगाराच्या दिवशी सोडून तिचं खरं नाव कुणाला आठवत नसे.

"आता यांना व्हिंटेज म्हणतात, बाई," नातू मला नाही, तिलाच सांगत होता. "लोक वेड्यासारखे शोधतात. आणि दागिन्यांपेक्षा चित्रांचं कौतुक जास्त. प्रदर्शन भरवतोय, त्याबरोबर पुस्तक. एका पानावर चित्र, समोरच्या पानावर त्यावरून घडलेला दागिना. फक्त कुठलं चित्र कुठल्या दागिन्याचं, ते सांगणारी नोंदवही ओलीनं गेली. तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?"

म्हणून तो आला होता. बत्तीस चित्रं प्लास्टिकच्या पाकिटांत घालून, दागिन्यांचे फोटो वेगळे घेऊन, आणि सफरचंदांची एक पेटी.

आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. ती एकेक कागद नाकाला लागेल इतका जवळ घ्यायची, भिंग फिरवायची, आणि मग फोटोंच्या ढिगातून नेमका एक ओढायची.

"हे कानातलं. जोडीतलं डावं. उजवं या फोटोत आहे, बघा, देठ बाहेर वळतोय. याचा साचा तडकला होता, थोडेच नग निघाले. आणि यात मी हिरवे खडे दाखवलेत, पण त्या वर्षी हिरवी काच मिळाली नाही म्हणून निळे बसवले. म्हणून तुम्हाला जुळेना."

नातू भराभर चिठ्ठ्या चिकटवत होता. आईचा चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांत कुणी तिला तिच्या कामाचं काही विचारलं नव्हतं. मी कपड्यांच्या घड्या घालत बघत होते आणि मलाही बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं.

मग मी चहाचे कप ठेवायला टेबलावरचे कागद बाजूला सारले. खाली पुस्तकाची कच्ची पानं होती. पहिल्याच पानावर मालकांचा फोटो, हातात पेन्सिल. खाली ठळक अक्षरांत: 'संस्थापकांच्या हातची मूळ चित्रं'.

"हे काय?" मी विचारलं.

"सुरुवातीचं पान, ताई. अजून कच्चंच आहे."

"नाही, ते समजलं. यांच्या हातची म्हणजे?"

"आजोबांची सही आहे ना प्रत्येक चित्रावर." त्यानं एक पाकीट उचलून कोपऱ्यातली गिरकीदार सही दाखवली. लहान मुलाला अक्षर दाखवावं तशी.

"ती मंजुरीची सही," आई म्हणाली. मान वर न करता.

"म्हणजे?"

"म्हणजे चित्र पास झालं की मालक खाली सही करायचे. मग ते साचेवाल्याकडे जायचं. पास नाही झालं तर लाल पेन्सिलीनं आडवी रेघ मारून कागद परत सरकवायचे आणि म्हणायचे, 'परत काढा.' दोनच शब्द. त्या फोटोत आहे ना हातात, तीच ती लाल पेन्सिल."

नातवानं फोटोकडे पाहिलं. पेन्सिल लालच होती.

"हां, म्हणजे प्रत्यक्ष रंगवण्याचं काम तुमच्याकडे असेल," तो समजूतदारपणे म्हणाला. "पण कल्पना तर आजोबांचीच ना, बाई?"

आईनं जरा विचार केला. तिला खोटं बोलता येत नाही, आणि मेलेल्या माणसाबद्दल तर नाहीच.

"कल्पना... ते म्हणायचे, या खेपेला काहीतरी पानाफुलांचं काढा, बायकांना आवडतं. एवढी त्यांची."

मी हसले. कप त्याच्यापुढे जरा जोरातच ठेवला.

मला ती बाकीची कल्पना कुठून यायची ते माहीत आहे. मी लहानपणी तिच्याबरोबर रस्त्यानं चालायचे तेव्हा ती मध्येच थांबायची, कुणाच्या तरी कुंपणावरच्या वेलीपाशी. एक पान उलटं करून बघायची. "चल ना गं," मी हात ओढायचे. तिच्या खालच्या ओठावर कायम पांढऱ्या रंगाचा ठिपका असायचा, कुंचल्याला टोक काढताना ओठांत धरायची म्हणून. माझ्या वर्गातल्या मुली विचारायच्या, तुझ्या आईला काय झालंय?

आणि घरात एक चित्र नाही. एकसुद्धा नाही. कारण कागद मोजून मिळायचे आणि मोजून परत द्यावे लागायचे, बिघडलेलेसुद्धा. नक्षी दुसऱ्या कारखान्यात जाईल या भीतीनं बिघडलेले कागद शनिवारी अंगणात जाळत. फाटकावर बायकांच्या पिशव्या उलट्या करत. एकदा आईनं विसरू नये म्हणून तळहातावर पेन्सिलीनं एक पाकळी काढली होती, तर पहारेकऱ्यानं तिला परत पाठवून हात धुवायला लावला. हे ती आम्हाला विनोद म्हणून सांगायची. सात वर्षांची असताना मी वहीवर एक फूल काढून मागितलं, तर म्हणाली, "आज हातच उरला नाही गं." मी दोन दिवस बोलले नव्हते तिच्याशी. तेव्हा राग चुकीच्या माणसावर काढला, एवढंच.

"आणि बाई, ही तर तुमच्यासाठी गंमत," नातवानं विषय बदलला. त्यानं पिशवीतून एक मोठा चकचकीत कागद काढून पसरला. "हारांची सगळी चित्रं अर्धीच होती. अर्धा हार, पुढे कोरा कागद. ती आम्ही कॉम्प्युटरवर पूर्ण करून घेतली. हुबेहूब!"

हाराचं चित्र अर्धंच काढतात. दोन्ही बाजू सारख्या, मग दुसरी काढण्यात वेळ कशाला घालवायचा? साचेवाला उलटी छाप घेऊन दुसरी बाजू कोरून घेतो. या लोकांनी तसंच केलं होतं. अर्धं चित्र आरशातल्यासारखं पालथं करून शेजारी जोडलं होतं. मला तर सुंदर वाटलं.

आई वाकली. भिंग घेतलं. हाराच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत हळूहळू नेलं. मग सरळ बसली, आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा झाला.

"हे कुणी केलं?"

"आमचा डिझायनर आहे एक. का? चुकलं का काही?"

"त्याला डोळे आहेत का?"

तिनं हाराच्या मधल्या फुलावर बोट टेकवलं.

"उजेड डावीकडून वरून पडतो. नेहमी. प्रत्येक चित्रात. खड्याची डावी कड पांढरी, उजवीकडे सावली. त्या सावलीवरून साचेवाल्याला कळतं, पान किती उचललंय, कुठे खोल जायचं. आणि हे बघा, तुमच्या या अर्ध्यात उजेड उजवीकडून. मधल्या फुलावर दोन्हीकडून! दोन सूर्य आहेत का आकाशात? हे चित्र साचेवाल्याला दिलं असतं तर त्यानं माझ्या तोंडावर फेकलं असतं."

"बाई, सामान्य माणसाला कळणार नाही ते..."

"मला कळतं ना!" आईनं टेबलावर हात आपटला. भिंग उडालं. "नाव घालू नका माझं. एकोणतीस वर्षं घातलं नाही, आता काय अडलंय? पण हे माझं काम म्हणून लोकांना दाखवू नका. तुमच्या आजोबांचं म्हणून तर मुळीच दाखवू नका. ते रागीट होते, पण त्यांना नजर होती. त्यांनी असलं चित्र पास केलं नसतं."

आता तो थांबेल, माफी मागेल, निदान खजील होईल असं मला वाटलं. पण काही माणसांना फक्त स्वतःचं उरलेलं काम दिसतं. त्यानं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला.

"ते दुरुस्त करू. आता एवढी एक सही द्या फक्त. कारखान्यातल्या कुणाचं तरी पत्र लागतं, चित्रं अस्सल आहेत म्हणून."

मी कागद त्याच्या हातातून घेतला आणि मोठ्यानं वाचला. 'मी या कारखान्यात मदतनीस म्हणून काम केले असून सदर चित्रे संस्थापकांनी स्वहस्ते काढताना मी प्रत्यक्ष पाहिले आहे.'

"मदतनीस," मी म्हणाले. "कुणाची हो? लाल पेन्सिलीची?"

"ताई, तुम्ही उगाच..."

"आण इकडे," आई म्हणाली.

तिनं कागद भिंगाखाली धरला. पूर्ण वाचला. नातवानं टोपण काढून पेन पुढे केलं. आईनं पेनकडे पाहिलंही नाही. एका बोटानं तो कागद टेबलाच्या काचेवरून त्याच्याकडे परत सरकवला.

"परत काढा," ती म्हणाली.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण नातवानं कागद शांतपणे खिशात ठेवला आणि पाकिटं गोळा करायला लागला. एक, दोन, तीन... प्रत्येकावर आता नीट चिठ्ठी होती. कुठला दागिना, कुठलं साल, खडे कुठले.

"हरकत नाही, बाई. सहीवाचून अडणार नाही. वकील बघतील काहीतरी. जुळवणीचं मुख्य काम झालंच की. खरंच आभार."

"एक तरी चित्र ठेवा तिच्यापाशी," मी म्हणाले. आवाज विनवणीचा निघाला, त्याचा मला अजून राग येतो.

"विमा उतरवलाय ताई सगळ्यांचा. छान प्रिंट पाठवीन ना. फ्रेम करून."

मी सफरचंदांची पेटी उचलली आणि त्याच्या छातीला लावली. पाकिटं सांभाळत ती धरताना त्याची तारांबळ उडाली.

"अहो, ही बाईंसाठी..."

"त्या डिझायनरला द्या. दोन्ही बाजूंनी लाल आहेत, आवडतील त्याला."

दार लावून मी वळले, तर आई काच पुसत होती.

"तू आधी सगळं सांगून का टाकलंस?" मी तिच्यावरच तुटून पडले. "आधी नाव घाला म्हणायचं होतं, मग एकेक सांगायचं. बत्तीसच्या बत्तीस दिलीस त्याला! आता कशाला विचारतोय तो तुला? अशी कशी गं तू? फुकटची भोळी!"

"हळू. चिंगी उठेल."

"उठू दे!"

आई फडकं तसंच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "उलटं छापलं असतं गं त्यानं. हंस उलटा. निळे खडे भलत्याच चित्रासमोर. ते कसं बघितलं असतं मी?"

तरी मी बोलले, खूप बोलले. मालकांना बोलले, पहारेकऱ्याला, नातवाला, आणि तिला सगळ्यात जास्त, कारण ती समोर होती. ती ऐकत राहिली. शेवटी माझाच आवाज फुटला तेव्हा तिनं ओल्या फडक्यासकट हात माझ्या पाठीवर ठेवला. "पुरे," म्हणाली. "तुझं दूध उतू जाईल." गॅसवर दूध नव्हतंच.

चिंगी उठली होती. दारात उभी राहून दोघींकडे टकामका बघत होती. किती वेळ, कोण जाणे. मी रडत होते; मला काय म्हणावं हे तिला कळेना, म्हणून ती सरळ टेबलाशी गेली, खुर्चीवर गुडघे टेकून बसली आणि रंगखडूंचा डबा उपडा केला.

"आजी, मी ऐकलं. तू खूप चित्रं काढलीस."

"हो गं."

"आणि ती त्या काकांनी नेली."

"त्यांचीच होती ती, राजा."

चिंगीनं कोरा कागद पुढ्यात ओढला. चित्राआधी तिनं वरच्या कोपऱ्यात जीभ बाहेर काढून आपलं नाव लिहिलं. अर्धी अक्षरं रेघेखाली घसरली.

"आमच्या शाळेत आधी नाव घालायचं," ती मला समजावून सांगू लागली, "मग चित्र. नाहीतर बाई वर धरून सगळ्या वर्गाला विचारतात, हे कोणाचं? कोणाचं? मग ज्याचं असेल तो हात वर करतो."

तिनं हिरवा खडू उचलला, पण कागदाला लावला नाही.

"आई, आजीच्या तिथे कुणी विचारलंच नाही का?"