सहा फरश्या

फरशी बसवताना त्याला पातळी नुसत्या डोळ्यांनी कळायची, म्हणून बरोबरचे गवंडी त्याला पाणसळ म्हणत. त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तरी जागची हलायची नाही. लोकांची घरं करता करता स्वतःच्या स्वयंपाकघराला हात लागला तो वीस वर्षांनी, आणि नेमक्या सहा फरश्या राहिल्या असताना पाठीने दगा दिला. गुडघ्यांवर वाकला तो उठलाच नाही. दोघांनी उचलून पलंगावर नेला. त्याला आता चौदा महिने झाले होते.

ओट्यापुढचा तेवढा खड्डा तसाच होता. बायको त्याला वळसा घालून स्वयंपाक करायची. दुसऱ्या कुणाला बोलवू या का, असं तिने एकदाच विचारलं.

"माझ्या घरात दुसऱ्याचा हात? अगं, आठवड्याभरात उभा राहतो की नाही बघ!"

हा गडी भलताच आशावादी. त्याचा आठवडा दर सोमवारी नव्याने सुरू व्हायचा. पण रात्रीची झोप उडाली होती, मित्र यायचे बंद झाले होते आणि भिंतीकडे तोंड करून पडल्यावर आपण मेलो तर बरं, असंही त्याच्या मनात यायचं. मग त्या सहा फरश्या आठवायच्या. आपल्यावाचून एक तरी काम अडलंय, एवढ्यावर तो तगून होता. हे बायकोला सांगायची मात्र बुद्धी झाली नाही.

एका दुपारी तो पाठीचे व्यायाम करून काठी टेकत घरी आला. बायको दारातच उभी होती. हात सिमेंटने माखलेले, गुडघे सोललेले, आणि चेहरा पहिला नंबर आलेल्या पोरीसारखा.

"अहो, डोळे मिटा."

"आता हे काय नवीन?"

"मिटा म्हणते ना!"

तिने हात धरून आत नेलं. डोळे उघडले तर खड्डा नव्हता.

"तुमचीच थापी घेतली. त्या खड्ड्याकडे बघून झुरता, मला काय दिसत नाही? म्हटलं, एकदाची तुमच्या डोक्याची कटकट मिटवू. कशा बसल्यात?"

कडक जमिनीवर पडलं की पाठीला जरा आराम वाटायचा, म्हणून तिच्या आधाराने तो शेजारच्या फरशीवर आडवा झाला. गाल टेकला आणि लगेच दिसलं. तिसरी फरशी एका कडेला वर राहिली होती. खालचा सिमेंटचा माल अजून ओला होता. रबरी हातोडीचे दोन ठोके पुरे होते, आणि हातोडी हाताच्या अंतरावर होती. त्याने कोपरावर भार दिला, आणि कमरेतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली.

"काय झालं? माझं काही चुकलं का?"

सांगितलं असतं तर तिनेच ठोकून बसवली असती. आणि तिला तेही जमलं असतं.

"छान झालंय," तो म्हणाला. "एकदम सपाट."

ती फुलून गेली. थापी धुता धुता म्हणाली, "ही वरच ठेवते हं. आठवड्याभरात लागेल तुम्हाला."

"कुणाला तरी देऊन टाक."

थट्टाच असेल, असं वाटून ती हसली. माल सुकेपर्यंत तो तिथेच पडून राहिला.