शेवटच्या पायरीखालची आग

ताजुद्दीन मूळचा गुहागरकडचा. गेली सतरा वर्षं तो सौदीतल्या ताइफच्या डोंगरावर अरवा नावाच्या म्हातारीचा गुलाबांचा मळा सांभाळत होता. सगळे तिला उम्म हम्माद, म्हणजे हम्मादची आई, म्हणत. मळा लहानसाच, डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेल्या नऊ पायऱ्यांचा, आणि त्यांच्या वर थोडी घरं. वर्षभराच्या कष्टाचं फळ वसंतातल्या पाचेक आठवड्यांत पदरात पडायचं. ऊन चढलं की फुलांचा वास उडतो, म्हणून उजाडायच्या आत ती खुडायची आणि तडक अत्तराच्या भट्टीवर पोचवायची.

बहर ऐन भरात असताना एका दुपारी खालच्या दरीतून धूर वर आला. यंदा पाऊस फिरकलाच नव्हता आणि अरारच्या झाडांखालचं गवत पापडासारखं वाळलं होतं. तासाभरात सिव्हिल डिफेन्सची गाडी आली. अधिकाऱ्याने सांगितलं, पाण्याचे बंब पलीकडच्या वस्तीकडे लागलेत, इथे कुणी येऊ शकणार नाही, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आत डोंगर सोडा. पाठोपाठ जेद्दाहून हम्मादचा फोन. मळा काय, परत लावता येईल, तू निघ, असं तो विनवत होता.

"नवं रोप भर फुलावर यायला तीन वर्षं लागतात," म्हातारी म्हणाली. "तोवर मी असेन, याची हमी देतोस?" आणि तिने फोन ठेवला. मग ताजुद्दीनकडे वळून तिने त्याला पिकअपची किल्ली दिली. तू परमुलखातला, बायकामुलांचा धनी, गेलास तर कुणी नावं ठेवणार नाही, असं तिने त्याला शांतपणे सांगितलं.

त्याची बायको सफूराही थोड्या वेळापूर्वी फोनवर रडून हेच म्हणाली होती. भीती त्यालाही वाटत होती. पण त्याला गावची काजूची बाग आठवत होती. बोंडं पिवळी पडायला लागली होती आणि डोंगरातून वणवा उतरला. त्याचा बाप बांधावर हात बांधून उभा राहिला आणि बाग राख होईतो नुसता बघत राहिला. बापाबद्दल इतर कशाचाही राग त्याच्या मनात उरला नव्हता, पण ते उभं राहणं त्याला कधी विसरता आलं नाही.

त्याने किल्ली खिशात टाकली आणि कोयता उचलला.

गावाकडे वणवा यायच्या आधी बागेभोवतीचं गवत आपणच जाळून ठेवतात, हे त्याने म्हातारीला समजावलं. सूर्य मावळला की इथला वारा उलटा फिरतो, डोंगरावरून दरीकडे वाहतो. त्या वेळी शेवटच्या पायरीखाली आग लावली तर ती खालीच जाईल, आणि वर येणाऱ्या वणव्याला खायला काही उरणार नाही. म्हातारीने विचारलं, वारा फिरला नाही तर? तर मळाही जाईल आणि आपल्याला पळावं लागेल, त्याने खरं ते सांगितलं.

शेजारच्या मळ्यातले दोघे येमेनी मजूर मदतीला आले. चौघांनी मिळून बांधाखालचं गवत आणि काटेरी झुडपं कापून वर ओढली, टाकीचं पाणी पाइपने खालच्या पायऱ्यांवर मारलं. धुराने डोळे चुरचुरत होते. वणव्याची कडकड आता कानांवर स्वच्छ येत होती. सूर्य बुडाला तरी वारा तोंडावरच येत होता. अजून थोडं थांबू, ताजुद्दीन म्हणत राहिला. आणि मग मानेला मागून गार झुळूक लागली.

त्याने काडेपेटी काढली, तशी म्हातारीने ती त्याच्या हातातून घेतली. "जमीन माझी आहे. काडी मीच लावणार."

आग सरसरत खाली गेली. एकदा ती बांध ओलांडून नवव्या पायरीत शिरली आणि तिथली साठेक झुडपं गेलीच. तिघे पुरुष ओली पोती घेऊन तिच्यावर तुटून पडले, तेव्हा आठवी वाचली. खाली दोन्ही आगी एकमेकींना भिडल्या, ज्वाळा एकदम उंच उठल्या आणि बघता बघता बसल्या.

पहाटे राखेने करडी झालेली फुलं झटकून झटकून ते खुडत होते, तेव्हा कालचा अधिकारी परत आला. खालचा काळा पट्टा त्याने ओळखला. हुकूम मोडून आग कुणी लावली, त्याने विचारलं.

"मी," म्हातारी म्हणाली.

इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द झाला तर पुढे काय, हे ताजुद्दीनला पक्कं ठाऊक होतं. "युक्ती माझी होती," तो म्हणाला. "माझंही नाव लिहा."

अधिकाऱ्याने दोन्ही नावं लिहिली आणि रविवारी सकाळी आठ वाजता दोघांनी ऑफिसात हजर व्हायचं, असं बजावलं.

"येऊ," ताजुद्दीन म्हणाला, "पण आठला नाही जमणार. बहर आहे. फुलं भट्टीवर पोचवल्याशिवाय आम्ही मळा सोडत नाही."

अधिकाऱ्याने वर पाहिलं. आठही पायऱ्या फुलल्या होत्या आणि त्यांच्या वरची घरं जागच्या जागी होती. त्याने आठ खोडून अकरा लिहिलं. ताजुद्दीन पुढच्या झुडपाकडे वळला.