आपोआप उघडणारे पान

सकाळचे ऊन या खोलीत एकदम येत नाही. आधी ते समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर चढते, तिथे थोडे रेंगाळते, मग खिडकीच्या गजांमधून तिरपे उतरून शिवणयंत्राच्या चाकावर टेकते. चाकावरून टेबलाच्या कडेवर येते. तिथले मेणकापड फाटले आहे. उघड्या पडलेल्या लाकडाला ते मधाचा रंग देते. मग चष्म्याचे घर, मग पाण्याचा पेला, आणि सर्वांत शेवटी मी. माझ्यापर्यंत पोहोचताना त्याची धार गेलेली असते. आपण ज्याच्यावर पडतो आहोत तो त्या लायकीचा आहे की नाही, हे त्याने आजवर कोणाला विचारलेले मी पाहिले नाही.

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. एका ख्रिस्ती कुटुंबाचे पवित्र शास्त्र. पुठ्ठे काळे, कडा एके काळी तांबड्या, आता विटकरी. माझ्या नावाने या घरात एक निकाल दिला गेला. तो मी दिला नव्हता, आणि तो माझ्या माथी मारलेला मी सहन करणार नाही.

छापखान्यात एका बाईने मेण लावलेल्या दोऱ्याने माझी पाने शिवली. कोणती पाने आनंदाची, कोणती संतापाची, असा भेद तिच्या सुईने केला नाही. सगळ्यांना सारखाच टाका पडला. पुढे एका लग्नात भेट म्हणून मी या घरी आलो. घरधनी सूतगिरणीत मुकादम होता. गल्लीत त्याला सगळे मुकादमच म्हणत. बायकोही, रागावली म्हणजे.

न्याहारीपूर्वी घरची प्रार्थना होई आणि माझ्यातले काही वाचले जाई. पहिल्या माणसांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नको ते फळ खाऊन दोघे झाडांआड लपतात, आणि देव बागेत फिरत विचारतो, तू कुठे आहेस? मुकादम ते वाची तेव्हा देवाच्या हातात हजेरीपट असे. आता खाडा लागणार, पगार कापला जाणार! त्याची चिमुरडी लेक हळूच टेबलाखाली सरके. दुसऱ्या दिवशी तीच ओळ तिची आई वाची. तेव्हा दिवेलागणीला पोर घरी आले नाही म्हणून उंबऱ्यात येऊन हाक मारणारे कोणीतरी खोलीत उभे राही, आणि टेबलाखालून लेक ओरडे, "मी इथेय!"

अक्षरे तीच, शाईही तीच. माणूस मला उघडतो त्याच्या आधीच त्याच्या मनातला देव खुर्ची ओढून बसलेला असतो, आणि मग माझे सारे शब्द त्याच्याच गळ्यातून ऐकू येतात. मुकादमाच्या मनात मुकादम होता. यात माझा काय अपराध?

लेक मोठी झाली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या, आपल्या चर्चच्या मंडळीत न येणाऱ्या एका तरुणाशी तिने लग्न ठरवले. त्या दिवशी मुकादमाने माझ्यातले एक पान शोधून काढले. हट्टी, न ऐकणाऱ्या लेकराला आईबापांनीच धरून गावच्या वडीलधाऱ्यांपुढे उभे करावे, आणि मग दगड उचलले जावेत, असे सांगणारे ते पान. त्याने ते टेबलावर ठेवून दोन्ही तळव्यांनी असे दाबले की माझ्या पाठीतला दोरा कटकन तुटला. "वाच," तो लेकीला म्हणाला. तिने वाचले नाही. ती निघून गेली, आणि त्याने दार लावून घेतले.

त्यानंतर त्याला नवी खोड लागली. डोळे मिटून मला पाठीवर उभे धरायचे, सोडून द्यायचे, आणि जे पान उघडेल ते देवाचे उत्तर मानायचे. दर वेळी तेच पान उघडे. मुकादम मान हलवून म्हणे, "त्याचा शब्द बदलत नाही." मी ओरडून सांगत होतो, अरे, हे उत्तर नाही, ही इजा आहे! पण ग्रंथाचे ओरडणे ऐकायला आधी स्वतःचा आवाज खाली ठेवावा लागतो.

मग एका सकाळी बायकोचा भाऊ आला. त्याची बेकरी होती आणि भुवयांवर कायम मैदा.

"भावोजी, स्पष्टच बोलतो. पोरीचा नवरा वारला, ते तुमच्या कानावर आलंय. पोरगी तान्ह्या लेकीला घेऊन माझ्या भट्टीमागच्या खोलीत राहतेय. अंगभर घामोळं आलंय बाळाला. अजून महिनाभर तिथं राहिली तर पावाबरोबर भाजून निघेल. तिला घरी यायचंय."

"मी ठरवणारा कोण?" मुकादमाने डोळे मिटले आणि मला सोडले. "हे बघ. परत तेच."

"देवाला दुसरं पान येत नाही का हो?"

"थट्टा नको."

स्टोव्हपाशी उभी असलेली बायको पदराला हात पुसत आली. तिने मला उचलले.

"आता मी विचारते. देवा, आज भाजी कुठली करू?" तिने मला सोडले. तेच पान. "इस्त्रीवाल्यानं कपडे दिले का?" तेच पान. भाऊ फिस्सकन हसला आणि बहिणीचा चेहरा पाहून भुवयांवरचा मैदा पुसू लागला.

"इथली शिवण तुटलीय," ती म्हणाली. "तुम्हीच तोडलीत. मी इथंच उभी होते."

मुकादमाने माझ्या पाठीतल्या तुटक्या दोऱ्यावरून बोट फिरवले. मग तिने पहिली पाने उघडून त्याच्यापुढे धरली, बागेची. "वाचा. आणि हजेरी घेऊ नका."

त्याने वाचायला सुरुवात केली. तू कुठे आहेस, या प्रश्नापाशी येऊन तो थांबला. पुन्हा वाचला. आयुष्यभर त्याने हाका मारल्या होत्या, पण उत्तराची वाट पाहायची असते अशी हाक त्याला मारता येत नव्हती. तिसऱ्यांदा न वाचता त्याने मला मिटले. तो उठला, चपला चढवल्या आणि मेहुण्याला म्हणाला, "चल. वाटेत बोलू नकोस."

मित्रांनो, मला हातात घ्याल तेव्हा एवढे करा. आपल्या मनात आधीच कोण बसले आहे, ते पाहा. मला काठी करू नका. मी काठी व्हायला नकार देतो, दिला आहे, देत राहीन.

गिरणीचा दुपारचा भोंगा होण्याआधी लेक आली. बाळ आजीच्या खांद्यावर गेले. मुकादमाने तिची पिशवी कोपऱ्यात ठेवली, मग उचलून पलंगावर ठेवली. ती टेबलापाशी आली.

"ते कुठलं पान होतं, बाबा?"

तिने मला हात लावला मात्र, मी तिथेच उघडलो. तेव्हा न वाचलेल्या ओळी तिने बोट ठेवून सावकाश वाचल्या.

"हे खरंच यात लिहिलंय?"

बापाने आईकडे पाहिले. आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. इतकी वर्षे मी ठणकावून सांगत आलो की तो आवाज माझा नव्हता. आवाज माझा नव्हताच.

पण हो, ते माझ्यात लिहिलेले आहे.