डोक्यावरचे चहाचे डाग

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, चहाचे कप ठेवायचं टेबल नाही! माझ्या डोक्यावरचे हे गोल डाग बघा, म्हणजे मी का चिडलोय ते कळेल.

वेबसाइट बनवणाऱ्या या ऑफिसात मी नऊ वर्षं काढली. माझ्यातला ब्राउझर, म्हणजे वेबसाइट उघडून दाखवणारा प्रोग्रॅम, मुद्दाम जुनाच ठेवला होता. का? तर पुष्कळ घरांत तसाच असतो म्हणून! नवं पान आधी माझ्यावर उघडायचं, मगच लोकांसाठी खुलं करायचं, हा इथला रिवाज. पानं बनवणारी ताई वैतागायची, "किती छळतोस रे बाबा!" म्हणायची, पण माझ्यावर मोडलेलं पान नीट केल्याशिवाय जागची हलायची नाही.

मग नवे साहेब आले.

"हे धूड कशाला? माझ्या लॅपटॉपवर मस्त चालतंय की!"

झालं! माझी वायर काढली. ताईनेही मान डोलावली, हे मी विसरलेलो नाही. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या दवाखान्याचं पान लोकांसाठी खुलं झालं. ऑपरेशनची तारीख त्यावरूनच घ्यायची होती.

महिन्याभराने ताई तरातरा आली. कप बाजूला सारून तिने मला सुरू केलं आणि तेच पान उघडलं.

"बसा, साहेब. तारीख घ्या."

साहेबांनी पान वर सरकवलं, खाली सरकवलं. "बटण कुठं गेलं?"

"जुन्या ब्राउझरमध्ये ते दिसतच नाही. माझे बाबा घरच्या संगणकावर तीन दिवस ते शोधत होते. तेवढ्यात तारखा संपल्या. आता चार महिने थांबा! आणि मला काय म्हणतात? 'अगं, माझंच काहीतरी चुकलं असेल.'"

अहो, ज्या माणसाने जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, तो स्वतःला अडाणी समजून गप्प बसला! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. साहेबांनी लगेच ताईला बटण नीट करायला बसवलं.

दुपारपर्यंत बटण जागेवर आलं. बाबांची तारीख काही अलीकडे आली नाही.

मित्रांनो, माझे डाग पुसू नका, राहू देत. पण तुमच्या घरी कुणी पडद्यासमोर बसून "मला नाही बाई जमत" म्हणालं, तर हसू नका. जवळ बसा आणि आधी एवढंच सांगा, की चूक तुमची नाही. ताईच्या बाबांना हे कुणी वेळेवर सांगितलंच नाही.