शिवेवर घेतलेलं नाव

ऊसतोडीहून परतलेल्या माणसांना आमच्या राणीसावरगावात थेट घरी येऊ देत नाहीत. ट्रॅक्टर शिवेवर थांबतो. घरची म्हातारी भाकर घेऊन जाते, एकेकाच्या डोक्यावरून तुकडा उतरवून टाकते आणि नाव घेऊन हाक मारते. ज्याला हाक आली तोच शीव ओलांडतो. फडातून कुणाच्या मागं काही लागून आलं असेल तर त्याला हाक मिळत नाही, ते तिथंच राहतं.

यंदा माझा लेक परमेश्वर, सून बबिता आणि नात नीलम लातूरकडच्या फडातून भर दुपारी आले. नीलम सतरा वर्षांची. तिच्या मागं तिच्याच वयाची एक पोरगी उभी होती. पाचटानं ओरखडलेले हात, पायात काही नाही. दुसऱ्या टोळीची असेल, तिला घ्यायला कुणी आलं नसेल, असं मला वाटलं. मी नाव विचारलं. तानू, म्हणाली. मी तिच्याही डोक्यावरून तुकडा उतरवला आणि तिला हाक मारली.

"आत्याबाई, कुणाला ववाळायलाव?" बबितानं विचारलं.

तिला तिथं कुणीच दिसत नव्हतं. परमेश्वरलाही नाही. फक्त नीलम माझ्याकडं बघत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

घरी आल्यावर तिनं सांगितलं. ती पोरगी फडात पहिल्या आठवड्यापासून दिसायची. सरीच्या पलीकडून बघायची, भाकर मागायची. नीलमनं तीन महिने तिला ना एक शब्द दिला, ना एक घास.

"शिवेवर सुटंल म्हणून दिस काढले गं आज्जी," ती म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

शीव ओलांडल्यावर तानू मला पुन्हा दिसली नाही, नीलमला मात्र दिसायची. त्या दिवसापासून नीलमच्या अंगी अन्न लागेना. चार भाकरी खाऊन उठायची आणि भुकेनं भिंत धरून चालायची. मनगटातल्या बांगड्या कोपराकडं सरकू लागल्या. तालुक्याच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, सलाइनच्या बाटल्या लावल्या. सापडलं काही नाही.

शेजारची म्हाळसाबाई असल्या गोष्टी जाणते. तिनं आधी मला चांगलंच धुतलं. "जलमभर लोकाच्या लेकरायला जेवू घालीत फिरलीस. आता मेलेलं बी आणलंस व्हय घरात?" मग उपाय सांगितला. जिनं हाक मारली तिनंच त्याला नेऊन सोडायचं, जिथून ते उठलं त्याच उसात. दुसऱ्या कुणाचं ते ऐकत नाही. आणि लवकर, कारण नीलम पावसाळा काढायची नाही.

मी नीलमला घेऊन निघाले. परळीत गाडी बदलली, लातूरच्या अलीकडं उतरलो. तिथून फडापर्यंतची वाट तासाभराची, पण नीलम चार ठिकाणी बसली.

फड नव्हता. ऊस कारखान्याला गेला होता, पाचट जाळलं होतं, खोडक्या उपटून रान नांगरून टाकलं होतं. या बांधापासून त्या बांधापर्यंत नुसती काळी ढेकळं. औंदा इथं सोयाबीन टाकणार, असं मालकाच्या गड्यानं सांगितलं.

तरी मी रानाच्या मध्यावर गेले. भाकर ठेवली. "तानू, बाई, तुजं ठिकाण आलं. उतर आता," म्हणाले. पुन्हा म्हणाले. घसा कोरडा पडेपर्यंत म्हणत राहिले.

नीलम ढेकळावर बसून होती. "हुडकायलीय ती, आज्जी. तिला तिची सरी घावंना."

"कुटं बी बस म्हणावं. समदं तिचंच हाय."

नीलमनं मान कलती करून थोडा वेळ ऐकलं.

"न्हाई म्हणती. आता घर तेच हाय म्हणती. तुज्या आज्जीनं नाव घिऊन बोलावलंय."

खरंच होतं ते.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. तिघांच्या बाकावर नीलम खिडकीला बसली. तिचा हात हातात घ्यावा म्हणून मी मधल्या जागेवर सरकायला गेले, तर तिनं तळवा आडवा धरला.

"तितं नगं, आज्जी."

मी कडेला सरकून बसले.